पर्णवटवट्या ओळखण्याची सोपी पद्धत
(सातारा-सांगलीकर नवशिक्यांसाठी)

हे मार्गदर्शन कोणासाठी नाही, ते आधी सांगतो. वाघ पाहायचा असेल त्यांनी सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या फाटकावर आशा धरून बसावं. रोहित पाहायचे असतील त्यांनी पाणी असेल त्या वर्षी मायणीच्या तलावाकडे जावं. फोटो काढून लगेच कौतुक हवं असेल त्यांनी मोर निवडावा. कौतुकाच्या बाबतीत मोराचं मतही तेच आहे.

आपण निवडला आहे पर्णवटवट्या. लांबी साधारण 10 सेंटिमीटर, वजन 7-8 ग्रॅम. साताऱ्याच्या एका कंदी पेढ्याच्या भारात असे दोन पक्षी आरामात तोलले जातील. वरून हिरवट, खालून मळकट पांढरा, डोळ्यावरून एक फिकट भुवई. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत तो आपल्याकडे मुक्कामाला असतो आणि एवढ्या महिन्यांत एका फांदीवर सलग तीन सेकंद बसलेला फारसा कोणाला दिसत नाही. हिरव्या पानांत हिरवा, उंच झाडात इवलासा आणि हलत्या फांद्यांत त्यांच्याहून जास्त हलणारा. नवशिक्यांनी सुरुवात यापासूनच करावी, कारण अनुभवी मंडळी त्याच्या वाटेला जात नाहीत.

साहित्य

दुर्बीण 8×42 ची घ्यावी. दुकानदार दहापट मोठं दाखवणारी गळ्यात घालायला बघेल. ती घेतलीत तर पक्षी दहापट मोठा दिसण्याच्या आधी दहापट लवकर दृष्टीबाहेर जातो. शिवाय हे काम सगळं मान वर करून करायचं आहे. तासाभरात मानेच्या मागच्या शिरा बोलू लागतात. त्यावर उपाय म्हणजे जमिनीवर सरळ उताणं झोपणं. उपाय खात्रीचा आहे, मात्र कोयनेच्या रानात पावसाळा नुकताच सरलेला असताना तो करू नये. जळवांना तो फार आवडतो.

मोठी लेन्स असलेला मित्र बरोबर नेऊ नये. तो तुमच्या पर्णवटवट्याकडे एकदा बघतो, ‘हं’ म्हणतो आणि नीलांगाच्या मागे निघून जातो. गाडी त्याची असेल तर पाठोपाठ तुम्हालाही जावं लागतं.

पक्ष्यांचं एक सचित्र पुस्तक हवंच. त्यातलं पर्णवटवट्यांचं पान उघडा. डझनभर चित्रं दिसतील आणि सगळी एकाच पक्ष्याची वाटतील. चित्रकाराला बोल लावू नका, त्यानं प्रामाणिकपणे काम केलं आहे. हे पक्षी खरोखरच तसे असतात. मराठी नावंही पुस्तकागणिक थोडी बदलतात. इथे मी हिरवट पर्णवटवट्या, हिरवा पर्णवटवट्या अशी वापरणार आहे. हिरवट आणि हिरवा हे दोन वेगळे पक्षी आहेत. हो, खरंच आहेत. आत्ता नुसतं मान्य करा, कारण पुढे येईल.

आणखी एक साहित्य दुकानात मिळत नाही, ते घरून तयार करून न्यावं: ‘काय बघताय?’ या प्रश्नाचं उत्तर. रस्त्याकडेच्या झाडाखाली तोंड वर करून उभा असलेला माणूस दिसला की सातारा जिल्ह्यातली एकही मोटारसायकल सरळ पुढे जात नाही.

‘काय हाय वर? मव्हाचं पोळं?’

‘नाही, पक्षी आहे.’

‘मोठा हाय?’

‘लहान आहे.’

‘मग?’

या ‘मग?’ला समाधानकारक उत्तर आजवर कोणत्याही पक्षिनिरीक्षकाला सापडलेलं नाही. काही जण घाईत ‘सर्व्हे चाललाय’ म्हणून मोकळे होतात. ते अजिबात म्हणू नका. रस्ता रुंद होणार, कुणाचे किती गुंठे जाणार, या चौकशीला अर्ध्या तासात गाव जमतं आणि पर्णवटवट्या बाजूलाच राहतो.

आधी बाकीचे वगळा

झाडात काहीतरी हिरवं-पिवळं हललं की तो पर्णवटवट्याच, असं पहिल्या महिन्यात प्रत्येकाला वाटतं. म्हणून आधी बारमाही मंडळी ओळखून बाजूला काढावीत. डोळ्याभोवती चुना लावल्यासारखं पांढरं कडं असेल तर तो चष्मेवाला. हे टोळीनं फिरतात आणि एकमेकांशी अखंड बोलत राहतात. एकटा चष्मेवाला सहसा दिसत नाही. शेपटी उभी करून कुंपणात ओरडणारा, एवढ्याशा जिवाच्या मानानं आवाज फारच मोठा, तो शिंपी. हळदी पिवळा, पंखांवर दोन ठळक पांढऱ्या पट्ट्या आणि शिट्टी मारणारा, तो सुभग. बांडगुळाभोवती घुटमळणारा, आखूड शेपटीचा आणि जाड चोचीचा तो फुलटोचा.

एवढं काढून टाकल्यावर जे उरतं ते पर्णवटवट्या असण्याची शक्यता आहे. बारीक चोच, ताठ न ठेवलेली शेपटी, आणि दर काही क्षणांनी दोन्ही पंख अस्वस्थपणे किंचित फडकवण्याची सवय. ही पंखांची फडफड लक्षात ठेवा. पुस्तकातल्या चित्रात ती नसते, पण झाडात ती रंगाच्या आधी दिसते.

डोळ्यांनी ओळखणे (वाचावं आणि सोडून द्यावं)

आपल्या भागात हिवाळ्यात येणारा सगळ्यात सर्रास पर्णवटवट्या म्हणजे हिरवट. त्याच्या पंखावर एकच बारीक फिकट पट्टी असते, चोचीचा खालचा भाग फिकट नारिंगी, भुवई लांब आणि स्पष्ट. हिरवा पर्णवटवट्या अगदी असाच असतो. फरक एवढाच की त्याच्या गालावर आणि गळ्यावर पिवळेपणा जास्त आणि पाठ अधिक उजळ हिरवी. आता झाडाखाली उभे राहा. डोक्यावर जांभळाची दाट पालवी, तिच्यातून गाळून आलेला हिरवा-पिवळा उजेड. त्या उजेडात तुमचा पांढरा शर्टसुद्धा हिरवट दिसतो. गालावर पिवळेपणा किती, हे अशा वेळी पक्ष्यालाही सांगता येणार नाही.

पट्टीवर भरवसा ठेवावा तर ती झिजते. ती पिसांच्या टोकांवर असते आणि फांद्या-पानांत घुसून घुसून मध्य हिवाळ्यापर्यंत बऱ्याच पक्ष्यांची पट्टी पुसून गेलेली असते. अशा पुसलेल्या पट्टीचा हिरवट पाहिला की नवशिक्याला टायटलरच्या पर्णवटवट्याचा साक्षात्कार होतो, कारण त्याच्या पंखावर मुळात पट्टीच नसते. टायटलरचा पक्षी वीण काश्मीरकडच्या डोंगरांत करतो आणि हिवाळ्यात सह्याद्रीत उतरतो. जगात त्याची संख्या चिंता वाटावी इतपत कमी मानली जाते. त्यामुळे त्याची नोंद करण्याचा मोह फार मोठा असतो. चोच लांब, बारीक आणि गडद आहे का, एवढं पाहिल्याशिवाय तो मोह आवरावा.

मुकुटधारी पर्णवटवट्याची गोष्ट वेगळी. तो थोडा मोठा, पंखावर दोन पट्ट्या आणि डोक्याच्या मधोमध मागे जाणारी एक फिकट रेघ. ओळखायला सोपा, अट एकच: रेघ डोक्याच्या माथ्यावर आहे आणि तुम्ही खाली आहात. खालून तुम्हाला त्याचं पोट दिसतं आणि पोट सगळ्यांचं सारखं असतं. यावर सातारा जिल्ह्यानं मोठी सोय करून ठेवली आहे. यवतेश्वराच्या घाटात, महाबळेश्वरच्या कुठल्याही कड्यावर, किंवा होडीनं बामणोलीहून पलीकडे जाऊन वासोटा चढलात तर तिथे, कड्याच्या काठाशी उभं राहून खालच्या झाडांचे शेंडे न्याहाळावेत. पक्ष्यांचे माथे वरून पाहायला मिळतील आणि मानही सरळ राहील. महाबळेश्वरला पॉइंटवर आलेली माणसं दरीचा फोटो काढून मका खायला वळतात. त्यांच्या पायांखाली वीस-पंचवीस फुटांवर मुकुटधारी फिरत असतो, हे त्यांना सांगायला जाऊ नये. सांगितलं तर ते तुमचाच फोटो काढतील.

कानांनी ओळखणे

इथून खरा अभ्यास सुरू होतो, आणि हा भाग कोणत्याही दुर्बिणीशिवाय जमतो.

पर्णवटवटे डोळ्यांनी वेगळे होत नाहीत, ते कानांनी होतात, हे दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालं आहे. इंग्लंडातल्या सेलबर्न गावात गिल्बर्ट व्हाइट नावाचे एक पाद्री होते. त्या काळी तिथले तीन लहान हिरवे पक्षी सगळे लोक एकच समजत. व्हाइट यांनी गावच्या रानात फिरत ऐकून ऐकून सांगितलं की गाणी तीन आहेत, तेव्हा पक्षीही तीन आहेत. ही निरीक्षणं त्यांच्या 1789 मध्ये छापलेल्या सेलबर्नच्या निसर्गेतिहासात आहेत. त्यांच्याकडे ना 8×42 होती, ना लेन्सवाला मित्र. त्यांचं काम त्यामुळेच झालं असावं.

आपल्याकडे हिवाळ्यात हे पक्षी पूर्ण गाणं क्वचितच म्हणतात; हाक देतात. पण ती हाक दिवसभर चालते. हिरवट पर्णवटवट्या म्हणतो ‘चिस्-वी’, दोन अक्षरं, दुसरं किंचित वर चढणारं. हिरवा पर्णवटवट्या म्हणतो ‘चिस्-रु-वी’, मध्ये एक अक्षर जास्त. म्हणजे गालाच्या पिवळ्या छटेवरून ज्या दोन पक्ष्यांबद्दल भांडणं होतात, ते दोघे दर मिनिटाला आपापलं नाव मोठ्यानं सांगत असतात. आपण दुर्बिणीतून बघत असल्यामुळे ऐकत नाही. मोठ्या चोचीचा पर्णवटवट्या सावलीतल्या ओढ्याकाठी असतो. त्याची हाक दोन सुट्या सुरांची, पहिला खाली आणि दुसरा स्पष्टपणे वर, ‘दिर्-टी’. एकदा कानात बसली की ही विसरता येत नाही, आणि घरच्यांनाही विसरू दिली जात नाही.

सराव कसा करावा? सकाळी आठ ते दहा या वेळात एका झाडाखाली बसावं आणि पहिली वीस मिनिटं दुर्बीण डोळ्यांना लावू नये. हाक कुठून येते, किती उंचावरून येते, दोन हाकांमध्ये तो किती सरकला, एवढंच मोजावं. मग डोळे लावावेत. तोवर पक्षी कुठल्या फांदीवर असेल हे कानांना कळलेलं असतं.

हा धडा पटत नसेल तर कासच्या पठाराखालच्या एखाद्या गुराख्याला ‘चिस्-वी’ करून दाखवा. तो हसणार नाही. ‘त्ये व्हय! दसऱ्याच्या आदी येतंय अन् आंबं उतरायच्या आत जातंय. दिसत न्हाई, वराडतंय निस्तं,’ असं सांगून तो मोकळा होईल. आगमन, मुक्काम, निर्गमन आणि ओळखीची खूण एका दमात. नाव विचारलंत तर मात्र तो चकित होईल. ‘नाव? त्येला कशाला नाव? बारकं पाखरू हाय.’

कुठे उभं राहायचं

जागा बरोबर निवडली की निम्मी ओळख आपोआप होते, आणि ती निवडायला या दोन जिल्ह्यांइतकी सोयीची जमीन शोधून सापडणार नाही. माण-खटावकडे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला तो पाच हजारांच्या वर जातो. सांगलीतही पूर्वेला जत-आटपाडीची कोरड आणि पश्चिमेला शिराळ्यापलीकडे चांदोलीचं ओलं रान. पूर्वेकडून पश्चिमेकडे निघालात की दर काही कोसांवर झाडं बदलतात आणि झाडांबरोबर वटवट्याही बदलतो.

पूर्वेच्या बाभळींत पर्णवटवट्या शोधू नका. बाभळीत ‘टेक् टेक्’ करणारा राखाडी डोक्याचा आणि पांढऱ्या गळ्याचा जो असतो तो शुभ्रकंठी वटवट्या, पाहुणाच, पण दुसऱ्या घराण्यातला. कृष्णाकाठच्या उसाच्या कडेला, कुंपणाच्या जाळीत लपून ‘चक्’ करणारा तपकिरी प्राणी म्हणजे ब्लाइथचा बोरू वटवट्या. वाळवा-पलूसकडच्या नवशिक्यांना हा इतका ऐकू येईल की पर्णवटवट्याही असाच असणार, असा समज होईल. तसं नाही. बोरू वटवट्या खाली राहतो, पर्णवटवट्या पानांच्या छताकडे. मान खाली करून जो सापडला तो बहुधा आपला नव्हे.

मग येतात मधल्या पट्ट्यातले डोंगर. मिरजेजवळचा दंडोबा आणि कृष्णेच्या अलीकडचं सागरेश्वर. सागरेश्वरबद्दल एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण नवशिक्याला रान म्हणजे जुनं, आपोआप आलेलं असं वाटतं. सागरेश्वर अभयारण्य जेमतेम 11 चौरस किलोमीटरचं आहे आणि तिथलं रान माणसांनी उभं केलेलं आहे, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य दिलं. जुन्या शिवमंदिरांच्या वरच्या उघड्या टेकड्यांवर लावलेल्या त्या झाडांत आता सांबर, चितळ आणि काळवीट फिरतात. लावलेल्या झाडाला रान म्हणावं की नाही याचा वाद माणसांत चालू राहील. किडे लागले की पाहुणा पक्षी येतो, त्याला झाडाचा दाखला लागत नाही. अशा कोरड्या, खडकाळ उतारांवर आणखी एक पर्णवटवट्या शोधावा. गंधकासारखं पिवळट पोट, ठळक भुवई, आणि सवय उलटी: दगडांवर, बुंध्यावर, जमिनीलगत सरपटल्यासारखा फिरणारा. पर्णवटवट्या असून पानांत नाही. अपवाद आला की नवशिक्याला आनंद होतो, म्हणून हा सांगितला.

आता पश्चिम. यवतेश्वराचा घाट चढलात की हवा बदलते आणि कासच्या सड्यावर पोहोचता. सप्टेंबरात इथे फुलांसाठी गर्दी होते. तिकीट काढून, वेळ ठरवून आलेली माणसं चवराकडे आणि मंजिरीकडे वाकून बघत असतात. नेमक्या याच दिवसांत डोक्यावरून उत्तरेचे पक्षी उतरत असतात, पण सड्यावर झाड नाही. झाडी आहे ती सड्याच्या कडांना, कास तलावाभोवती आणि खाली बामणोलीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. तेव्हा फुलं पाहून झाली की सगळे गाडीकडे जातील, तुम्ही कडेच्या झाडीकडे जावं. तिथे पार्किंगही मोकळं असतं.

खरं घर मात्र कोयना आणि चांदोली. 423 चौरस किलोमीटरचं कोयना अभयारण्य आणि 317 चौरस किलोमीटरचं चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे जायचं तर परवानगी, वाटाड्या, ठरलेली वेळ हे सगळं आलं, आणि पावसाळ्यात फाटकं बंद. या रानाचं सूत्र तीन झाडांत सांगता येतं: जांभूळ, अंजनी आणि पिसा. महाबळेश्वरच्या डोंगरापासून कोयनेपर्यंत हीच तिघं मुख्य. जांभळाच्या वरच्या छतात मुकुटधारी. तो निखार, शिलींध्री आणि कोतवालांच्या मिश्र टोळीबरोबर पुढे पुढे सरकतो. थोडं खाली, अंजनीच्या दाटीत आणि रानाच्या कडेला हिरवट. ओढ्याच्या काळोखात मोठ्या चोचीचा. हे मजले कायद्यानं बांधलेले नाहीत, पक्षी वरखाली करतातच. पण नवशिक्याला मजला माहीत असला की पुस्तकातल्या डझनभर चित्रांपैकी आठ-नऊ तिथल्या तिथे झाकता येतात.

चांदोलीत एक जागा मुद्दाम सांगतो. वारणेचं पाणी अडलं, रान संरक्षित झालं आणि आतली गावं उठून बाहेर गेली. घरांचे चौथरे राहिले, त्यांच्यामागे आंबे आणि फणस राहिले. ही परसातली झाडं आता रानात मिसळली आहेत, पण त्यांच्याभोवती उजेड जास्त पडतो, आणि पर्णवटवट्या ऐकायला ती चांगली ठिकाणं आहेत. बरोबरचा वाटाड्या बऱ्याचदा त्याच गावांपैकी एखाद्याचा असतो. तो पक्ष्यांपेक्षा झाडांबद्दल जास्त बोलेल, कुठला आंबा कोणाचा ते सांगेल. त्याला थांबवू नये. त्या वेळात दोन-तीन हाका ऐकून होतात.

हा आला कुठून, आणि आयर्विन पुलाचा त्याच्याशी संबंध काय

हिरवट पर्णवटवट्याचं माहेर मोठं आहे. युरोपच्या पूर्वेपासून रशियातून हिमालयापर्यंत त्याची वीण होते. तिबेटचं पठार मात्र उघडं, झाडाविना, म्हणून पक्षी त्याच्या भोवतीनं पसरत गेला. हिमालयापासून पश्चिमेच्या बाजूनं एक शाखा उत्तरेला गेली, पूर्वेच्या बाजूनं दुसरी, आणि मध्य सायबेरियात दोन्ही पुन्हा समोरासमोर आल्या. गंमत अशी की शेजारचे शेजारी एकमेकांत मिसळत असताना, पार टोकाला भेटलेले हे दोघे एकमेकांना जवळजवळ परके मानतात. दोन्ही वाटांवर उत्तरेकडे जाताना गाणी लांब आणि गुंतागुंतीची होत गेली, पण वेगवेगळ्या तऱ्हेनं, आणि टोकाला पोहोचेपर्यंत एकाचं गाणं दुसऱ्याला कळेनासं झालं.

क्लॉड टाइसहर्स्ट यांनी 1938 मध्ये या साऱ्या पर्णवटवट्यांवर ग्रंथ लिहिला तेव्हा हे वर्तुळ त्यांच्या लक्षात आलं होतं. 2001 मध्ये डॅरेन आयर्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाणी आणि जनुकं दोन्ही तपासून ते ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलं. 2014 मध्ये अधिक बारकाईनं जनुकं तपासल्यावर दिसलं की ही साखळी इतिहासात मधूनमधून तुटलेली होती, आधी वाटलं तितकी अखंड नव्हती. सांगलीकर वाचकांच्या मनात प्रश्न आला असेल, म्हणून खुलासा: कृष्णेवरचा 1929 चा आयर्विन पूल व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या नावाचा आहे, या शास्त्रज्ञांचा त्याच्याशी संबंध नाही. नाहीतर पुराच्या वेळी तिथे पाण्याच्या फुटांबरोबर पर्णवटवट्यांचीही नोंद ठेवावी लागली असती.

आपल्या जांभळावर येतो तो पश्चिमेच्या शाखेतला. पूर्वेचे भाऊबंद हिवाळ्याला आग्नेय आशियाकडे जातात. हिरवा पर्णवटवट्या तर आणखी वेगळ्या दिशेचा, कॉकेशस, उत्तर तुर्कस्तान आणि उत्तर इराणच्या डोंगरांतला; त्याचा हिवाळा सह्याद्रीत आणि श्रीलंकेत. दोन वेगळ्या देशांतून निघालेले, जवळजवळ सारखे दिसणारे दोन पक्षी कोयनेच्या एकाच अंजनीवर येऊन बसतात आणि आपल्याला त्यांच्यात फरक करायला लावतात. यात दोष कोणाचाच नाही.

मोबाइलवर आवाज वाजवावा का?

नाही.

कारणही सांगतो. ट्रेव्हर प्राइस या पक्षिशास्त्रज्ञानं भारतातल्या हिवाळी हिरवट पर्णवटवट्यांवर 1981 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यानुसार या पक्ष्यांत प्रत्येक जण झाडांचा आपला एक तुकडा धरून असतो आणि हिवाळाभर तो राखतो. दिवसभराची ‘चिस्-वी’ ही त्या तुकड्याची हद्द आहे. बांधावरून वर्षानुवर्षं कोर्टाची पायरी चढणाऱ्या तालुक्यांत हे जास्त समजावून सांगायला नको. मोबाइलवर तीच हाक वाजवली की त्याला वाटतं, कोणीतरी शिरलं. खाणं सोडून तो हद्द सांभाळायला धावतो, खाली येतो, तुमच्या डोक्यावर नाचतो. तुम्हाला फोटो मिळतो. आठ ग्रॅमच्या जिवाला पानांवरचे बारीक किडे वेचून दिवस काढायचा आहे, त्यातला तासभर तुमच्या मोबाइलशी भांडण्यात जातो. नवशिक्यांना मोह होतो आणि जुन्यांना तर त्याचं व्यसन असतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

हद्द धरून बसण्याच्या या सवयीचा एक फायदा तुम्हाला सरळ घेता येतो. एखाद्या झाडावर ऑक्टोबरात हिरवट ऐकलात तर नोव्हेंबरातही तिथेच जा, डिसेंबरातही. तोच असण्याची शक्यता चांगली आहे. म्हणजे दर रविवारी नवं रान शोधत दोनशे किलोमीटर फिरण्यापेक्षा घराजवळचं एक जांभूळ धरलं तर अभ्यास जास्त होतो आणि पेट्रोल वाचतं. हे मी लेन्सवाल्या मित्रांच्या मंडळात कधी बोलत नाही.

वहीत नोंद

नोंद त्याच वेळी करावी, घरी येऊन नव्हे. घरी येईपर्यंत पक्ष्याच्या अंगावर पट्ट्या वाढतात. आधी झाड लिहा, मग उंची, मग हाक जशी ऐकू आली तशी अक्षरांत, मग पक्षी काय करत होता. जात सगळ्यात शेवटी. उदाहरणार्थ: ‘बामणोली रस्ता, जांभूळ, शेंड्याच्या थोडं खाली, चिस्-वी चिस्-वी, पंख फडकवत पानांच्या खालून किडे घेत होता. पर्णवटवट्या, बहुधा हिरवट.’

यातला ‘बहुधा’ खोडू नये. व्हॉट्सअ‍ॅपच्या पक्षिमंडळात ही नोंद टाकलीत की दहा मिनिटांत कोणीतरी ज्येष्ठ ती हिरव्याची ठरवतील, दुसरे टायटलरची, आणि तिसरे तुमच्या धूसर फोटोला लाल वर्तुळ काढून चोचीकडे बोट दाखवतील. वर्तुळात पान आहे, हे त्यांना सांगू नका. फक्त नम्रपणे विचारा, ‘सर, हाक किती अक्षरी होती असं आपल्याला वाटतं?’ मंडळ बराच वेळ शांत राहतं. अधूनमधून कोणीतरी सुप्रभात टाकतं. काहीच कळलं नाही अशा दिवशी ‘पर्णवटवट्या, जात ठरली नाही’ असं लिहावं. ती पूर्ण नोंद आहे. पुढे कधीतरी कोणी या भागातल्या वह्या चाळल्याच, तर ठामपणे लिहिलेल्या टायटलरपेक्षा या ओळीचा त्याला जास्त उपयोग होईल.

अभ्यासक्रम इथे संपायला हवा होता, पण मार्चनंतर एक अडचण येते. उन्हं तापू लागली, पांगारा फुलून गेला की परतीची तयारी सुरू होते, आणि इतके महिने दोन अक्षरांवर समाधानी असलेला पक्षी अचानक पूर्ण गाणं म्हणू लागतो. लांबलचक, घाईचं, चढ-उतारांचं, ‘चिस्-वी’शी दूरचंही नातं न सांगणारं. तुम्ही ज्या झाडाखाली चार महिने बसलात, त्याच झाडावर आता कोण आलं आहे हे तुम्हाला कळणार नाही. पुस्तकातलं ते पान पुन्हा उघडावंसं वाटेल. उघडू नका. नव्या नोंदीचं नाव चुकून जाहीर करण्याचा सगळ्यात मोठा हंगाम हाच आहे, आणि या आठवड्यांत मार्गदर्शनासाठी मला फोन करू नये.